बिस्किटला सोडायला

मार्केट ड्रेटनहून नॅन्टविचला मोटारीनं जायला अर्धा तास लागतो. कालव्यानं होडीतून गेलं, तरी दोन दिवस पुष्कळ झाले. थेल्मा ब्लेकमोरला निघून आठ दिवस झाले होते आणि ती अजून ऑडलमच्या अलीकडेच रेंगाळत होती.

तिची होडी, लॅपविंग, सतरा मीटर लांब आणि आत दोघींनी अंग चोरून एकमेकींना ओलांडावं एवढीच रुंद. एकोणीस वर्षं तीत थेल्मा आणि तिची धाकटी बहीण ग्लेंडा राहिल्या. मग त्रेसष्टाव्या वर्षी ग्लेंडानं लग्न केलं. नवरा क्लाइव्ह, निवृत्त पोस्टमन. ग्लेंडा नॅन्टविचला त्याच्या विटांच्या घरात राहायला गेली. क्लाइव्हला घरात कुत्रं नको होतं, म्हणून ग्लेंडाची बिस्किट ही सडपातळ, करड्या रंगाची कुत्री थेल्माकडेच राहिली. थेल्माचा स्वतःचा टग होताच. आडदांड, खरखरीत केसांचा टेरियर कुत्रा. रात्री टग आणि बिस्किट पाठीला पाठ लावून झोपत.

आता बिस्किट तेरा वर्षांची झाली होती. मागचे पाय गेले होते. होडीच्या तीन पायऱ्या तिला चढवेनात. थेल्मा दिवसातून दहा वेळा तिला उचलून वर आणी, खाली नेई. शेवटी क्लाइव्ह विरघळला. "घेऊन ये तिला," ग्लेंडानं फोनवर सांगितलं, आणि थेल्मा निघाली.

ग्लेंडाचा फोन रोज संध्याकाळी येई.

"कुठवर आलीस?"

"ॲडर्लीला."

"परवाही ॲडर्लीलाच होतीस!"

"वारा होता गं."

"आणि काल?"

"काल बिस्किटचं पोट बिघडलं होतं."

बिस्किट त्या घडीला तव्यावरची बेकनची चरबी मन लावून चाटत होती.

आठव्या दिवशी कोळसा विकणारा पर्सी आपली काळीकुट्ट होडी घेऊन शेजारी आला. कालव्यावर त्याला सगळे ओळखत आणि त्याला सगळ्यांच्या खबरा असत.

"काय गं थेल्मा, होडीला मुळं फुटली की काय?"

"तुझं तोंड जरा कोळशानं बुजव. दोन पोती दे."

"नॅन्टविचला ना? चालत गेली असतीस तर जेवून परत आली असतीस." तो हसला. पोती छपरावर टाकताना त्याला बिस्किट दिसली. त्यानं काळ्या बोटांनी तिचा कान खाजवला आणि त्याचा आवाज उतरला. "म्हातारीला सोडायला निघालीस होय."

थेल्मानं पैसे त्याच्या हातात ठेवले. पर्सी गेला. त्याच्या इंजिनाची धडधड वळणापलीकडे विरली. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत, ग्लेंडाचा फोन सोडला तर, तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. ऑक्टोबरात कालव्यावर फारसं कुणी नसतंच.

नवव्या दिवशी ती ऑडलमच्या पंधरा लॉकपाशी आली. पाणी तिथं जिन्यासारखं उतरत जातं. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. होडी त्यात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पुढच्या झडपा उघडून पाणी सोडायचं. पाण्याबरोबर होडी खाली बसत जाते. एकच जपायचं. मागच्या दरवाज्याखाली पाण्यात दगडी उंबरा असतो, त्यावर होडीचं शेपूट येता कामा नये. दोघी असताना एक सुकाणूवर असे, दुसरी काठावर. आता दोन्ही कामं थेल्माचीच.

सातव्या लॉकला तिनं झडप उघडली आणि होडी धरून ठेवणाऱ्या, हातातल्या दोराचं भान सुटलं. बिस्किटला नव्या घरी थंडी वाजली तर क्लाइव्हला ते कळेल का, एवढंच मनात होतं. होडी हळूच मागे सरकली. करकर असा आवाज आला. शेपूट उंबऱ्यावर टेकलं होतं आणि पाणी उतरत होतं, तशी नाकाकडची बाजू खाली चालली होती. आत भांडी घसरली, काहीतरी फुटलं, टग जीव खाऊन भुंकू लागला.

सदुसष्ट वर्षांची थेल्मा धावली. पुढची झडप पाडून बंद केली. मग मागच्या टोकाला पळत गेली. मागची झडप उघडायचं लोखंडी हँडल अडकेना, दोनदा निसटलं, बोटाचं साल गेलं. तिसऱ्यांदा अडकलं. वरचं पाणी आत येऊ लागलं. लॅपविंग कण्हल्यासारखी हलली आणि धाडकन सरळ झाली.

ती आत उतरली तेव्हा बिस्किट घसरत पार पुढच्या भिंतीला जाऊन टेकली होती. सांडलेला कोळसा, फुटलेले कप यांच्यामध्ये पडून होती. लागलं नव्हतं, पण उठता येत नव्हतं. ती नुसती थेल्माकडे बघत होती. थेल्मानं काचा हातानं बाजूला सारल्या आणि तिथंच जमिनीवर तिच्याशेजारी आडवी झाली. टग दोघींच्या अंगावरून इकडून तिकडे फिरत राहिला.

"चुकलं गं माझं," थेल्मा म्हणाली. "माझ्यापायी नऊ दिवस हाल केले तुझे."

उरलेली आठ लॉक तिनं चहालाही न थांबता उतरली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती नॅन्टविचला लागली.

ग्लेंडा काठावरच उभी होती. तिला पाहून बिस्किटच्या घशातून असा आवाज निघाला, जो थेल्मानं गेल्या दोन वर्षांत ऐकला नव्हता. थेल्माला बरं वाटलं, तरी तिनं पट्टा लगेच सोडला नाही. क्लाइव्ह मागे फळी घेऊन उभा होता. बिस्किटला मोटारीत चढता यावं म्हणून त्यानं ती स्वतः कापून आणली होती, वर जुन्या गालिच्याचा तुकडा ठोकून.

"पाय घसरायला नको तिचे," तो लाजत म्हणाला. "थेल्मा, तुम्ही जेवायला थांबा ना."

"मागची खोली रिकामी केलीय," ग्लेंडा घाईनं म्हणाली. "जेवायला नाही, राहायलाच ये. एकटी काय करणार आहेस?"

"होडी चालवणार."

"हट्टी आहेस. तुला माझी आठवण तरी येते का गं?"

थेल्मानं बिस्किटचा पट्टा तिच्या हातात दिला. "येते. म्हणून तर दहा दिवस लावले. तिच्या रूपानं तेवढी तू होतीस."

ग्लेंडा रडायला लागली. थेल्मानं तिला जवळ घेतलं, पण खोलीबद्दल हो म्हणाली नाही. भिंतींच्या घरात तिला झोप लागत नाही, हे ग्लेंडालाही ठाऊक होतं. जेवण करून, पुडिंगचा डबा घेऊन ती परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टग होडीत यायला तयार होईना. बिस्किटला घेऊन मोटार जिथून गेली होती, तिथं गवतात बसून राहिला. हाका मारल्या, बेकन दाखवलं, ढिम्म. थेल्मानं त्याला ओढलं नाही. गरम कोट घालून तीही त्याच्याशेजारी ओल्या गवतात बसली. सकाळी फिरायला आलेली एक बाई "काही हरवलंय का?" असं विचारून गेली. थेल्मा "नाही" म्हणाली.

दुपारी पाऊस भुरभुरू लागला तेव्हा टग उठला, अंग झाडलं आणि आपणहून होडीत शिरला. थेल्मानं दोर सोडले. पुढं बार्ब्रिजपर्यंत एकही लॉक नव्हतं. काठावरून कुणी हात केला नाही, आणि तिनंही वळून पाहिलं नाही.