सव्वादोनची चिठ्ठी

बसनं मान टाकली ती नेमकी शेवटच्या दिवशी. विमानतळ अजून दोन तासांवर, विमान संध्याकाळी सातचं, आणि दुपारी दोन वाजता सगळी मंडळी परमुलखातल्या एका गॅरेजात, टायरांच्या ढिगाशेजारच्या बाकांवर बसलेली. गॅरेजवाला बसखाली उताणा पडून काहीतरी ठोकत होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे बूट. सहल घेऊन आलेली टूरबाई दर थोड्या वेळानं खाली वाकून त्याला घड्याळ दाखवायची. मग एक काळाकुट्ट हात बाहेर यायचा, पंजा हलवायचा आणि परत आत जायचा. पंजाचा अर्थ पाच मिनिटं की पाच तास, यावरून बाकांवर दोन तट पडले होते.

सहल निवृत्त माणसांची. पेन्शनीतल्या माणसाला रिकामं बसवलं की तो मनानं नोकरीवर परत रुजू होतो. अकरा दिवसांत किल्ले झाले, तळी झाली, संग्रहालयं झाली, पण बोलणं शेवटी कुणाच्या ना कुणाच्या साहेबावर यायचं. आत्ताही एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टरनं सुरुवात केली. एकदा तो चहाला उतरला आणि कुणीतरी दोनदा घंटी मारली. बस गेली निघून, कंडक्टर खाली.

"दुधाच्या गाडीत बसून पाठलाग केला," कंडक्टर म्हणाला. "पुढच्या थांब्यावर गाठली, आत चढलो, तर दारातला एक जण मलाच म्हणतो, अहो पुढच्या गाडीनं या, जागा नाही!"

सगळे हसले. ऑपरेटरबाई हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष घड्याळात होतं. तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक कॉल जोडले, पण वेळेची धास्ती काही सुटली नव्हती.

त्यांच्या शेजारी वन्सं बसल्या होत्या. नवऱ्याची धाकटी बहीण, जिभेला हाड नाही, मनात काही नाही. त्यांना आता राहवलं नाही.

"आमच्या वहिनीचा रुबाब ऐका! माझं लग्न जमत होतं. मुलाकडचा होकार यायचा होता, आणि आईला धीर धरवेना. तेव्हा ट्रंक कॉल म्हणजे तासन् तास वाट बघा. पण वहिनी बोर्डावर असल्यावर कसली रांग! आमचा कॉल सगळ्यांच्या आधी. आई पंचवीस मिनिटं बोलली, अगदी शालूच्या काठापर्यंत!"

"वशिल्याचं वऱ्हाड," कंडक्टर म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला.

ऑपरेटरबाईंनी कसंनुसं हसून घेतलं. ही गोष्ट वन्सं चार लोकांत सांगू लागल्या की बाई विषय बदलायला बघायच्या. का, ते त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"ट्रंक कॉलनं तुमचं लग्न जमवलं," पलीकडच्या बाकावरून आवाज आला. "माझं घर फोडलं."

बोलले ते रंगमास्तर. कापडगिरणीच्या रंगखात्यात उभा जन्म गेलेले, नखांच्या कडांना अजून निळसर झाक. अकरा दिवसांत "मीठ द्या" यापलीकडे ते फारसं काही बोलले नव्हते. आज शेवटचा दिवस म्हणून असेल, किंवा वाट बघून कंटाळले म्हणून असेल, बोलायला लागले.

"वडील गावी दादाकडे होते. मी गिरणीत, आठ तासांवर. पुराचं वर्ष होतं ते, तारा तुटल्या होत्या. दुपारी सव्वादोनला गिरणीत फोन आला, वडील अत्यवस्थ आहेत. एकची गाडी गेलेली. दुसरी रात्रीची. मी सकाळी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. दादा म्हणाला, मी अकरालाच कॉल लावला होता. शेजारच्या डॉक्टरांच्या फोनवरून. अर्जंट लावला होता, तीन तास फोनपाशी बसून होतो. मी म्हटलं, मग दाखव. बुकिंगची वेळ आण लिहून."

"मग?" टूरबाईनं विचारलं.

"गेला की एक्स्चेंजात. आठ दिवसांनी चिठ्ठी आणली. त्यावर काय? सव्वादोन!" मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "वडील शेवटपर्यंत धाकटा आला का विचारत होते म्हणे. आणि ह्यानं कळवलंच उशिरा. मी आलो असतो तर वडील माझ्याकडे जास्त वळले असते, हे त्याला खुपत होतं. तेव्हापासून उंबरा चढलो नाही त्याचा. चाळीस वर्षं."

"पण मास्तर," कंडक्टर डोकं खाजवत म्हणाला, "खोटं बोलणाऱ्यानं तसली चिठ्ठी आणून दिली असती का? वाटेत फाडून टाकली असती."

"तो म्हणत होता, एक्स्चेंजवाल्यांचीच काहीतरी चूक आहे. सरकारी कागद खोटा आणि हा तेवढा खरा!"

"दादा आहेत का अजून?"

"आहे. अठ्ठ्याहत्तर चालू आहे. आता अंथरुणाला खिळलाय असं पुतण्या कळवतो. एकदा येऊन जा म्हणतो." मास्तरांनी बसखालून दिसणाऱ्या बुटांकडे नजर वळवली. "मी नाही जायचा."

ऑपरेटरबाई घड्याळ विसरल्या होत्या. पुराचं वर्ष. डॉक्टरांचा फोन. गिरणीच्या रंगखात्यातल्या माणसासाठी पी. पी. कॉल, म्हणजे ज्याचं नाव त्यालाच बोलावून जोडायचा. शंकेला जागा असती तर बाईंनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली असती.

त्या दिवशी बोर्डावर दोनच लाइनी जिवंत होत्या. एक सरकारी कामाला बांधलेली. दुसरी बाईंच्या हातात, आणि समोर अकरा दहाला नोंदवलेल्या अर्जंट कॉलचं तिकीट. त्याच वेळी सासूबाईंचा निरोप: होकाराचं विचारायचंय, आधी आमचा लाव. नवं लग्न, सासूचा शब्द. एवढं पाचच मिनिटं, म्हणून लावला. पंचवीस मिनिटं झाली, शालूचे काठ झाले, आणि सासूबाईंनी फोन ठेवता ठेवता ती लाइनही मेली. परत उठली ती सव्वादोनला.

इथवर एक वेळ दैवावर ढकलता आलं असतं. पुढचं नाही. तासाहून जास्त लोंबकळलेलं अर्जंट तिकीट, कारण काहीही असो, संध्याकाळी तक्त्यावर लाल शाईनं चढायचं, आणि लाल शाई म्हणजे मेमो. म्हणून बोर्डावरच्या मुलींची एक वहिवाट होती. जुनं तिकीट फाडायचं आणि लाइन मिळाली त्या वेळेचं नवं लिहायचं. सगळ्याच करायच्या. नव्या मुलीला जोडणीचा दोर बोर्डात कुठे खुपसायचा ते शिकवायच्या आधी हे शिकवत. बाईंनी अकरा दहाचं फाडलं, सव्वादोनचं लिहिलं. आठ दिवसांनी तो माणूस काउंटरवर आला तेव्हा सुपरवायझर मागेच उभे होते. बाईंनी तिकीट काढलं, त्यावरची वेळ चिठ्ठीवर उतरवली, सही केली आणि दिली. माणूस बराच वेळ हुज्जत घालून गेला. बाईंची नोकरी शाबूत राहिली.

"वहिनी," वन्संनी त्यांचा उतरलेला चेहरा बघून दंड धरला. आवाज एकदम खाली आला होता. "माझा होकार पुराच्याच वर्षी आला होता."

"हो."

"त्याच दिवशी?"

बाईंनी मान हलवली. वन्सं कानाशी येऊन घाईघाईनं म्हणाल्या, "हे बघ, काही बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. रात्री आपण विमानात, उद्या आपल्या घरी. कुठले मास्तर नि कुठलं काय! आणि आता सांगून त्यांचे वडील परत येणार आहेत का?"

"वडील नाही येणार," बाई म्हणाल्या. "भाऊ आहे अजून."

"ते चारचौघांत वाट्टेल ते बोलतील तुला. मला बाई भीती वाटते."

भीती बाईंनाही वाटत होती. त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. उतारवयातल्या माणसाला हा धक्का सोसेल का? घरी जाऊन सावकाश पत्र लिहावं का? पण पत्र लिहिणारी माणसं कशी असतात ते त्या जाणून होत्या, कारण त्या स्वतः त्यातल्याच. चाळीस वर्षं त्यांनी हेच पत्र उद्यावर ढकललं होतं. आणि अंथरुणाला खिळलेला म्हातारा कुणाच्या सोयीसाठी थांबत नाही.

तेवढ्यात इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि धडधडायला लागलं. गॅरेजवाला घसरत बाहेर आला, दोन्ही हात वर करून हसला. टाळ्या पडल्या. "चला, चला, बॅगा बघा!" टूरबाई ओरडली. मंडळी दाराशी गोळा झाली. आता बस, मग विमानतळ, मग प्रत्येकाची आपापली ट्रॉली आणि आपापला जावई न्यायला आलेला. बाईंना वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

रंगमास्तर भिंतीजवळच्या नळावर हात धूत होते. बाई तिथवर कशा चालत गेल्या त्यांना कळलं नाही.

"मास्तर, तुमच्या दादांनी अकरा दहाला कॉल लावला होता."

मास्तर वळले. "तुम्हाला काय माहीत?"

"घेतला होता मी. सव्वादोनची चिठ्ठी माझ्या हातची." आणि मग न थांबता त्यांनी सगळं सांगितलं. होकार, पंचवीस मिनिटं, फाडलेलं तिकीट, पाठीमागचे सुपरवायझर. स्वतःच्या बाजूनं एकही शब्द त्यांना जोडता आला नाही. वहिवाटीचं सांगायला गेल्या तर तेही तोंडात लाजिरवाणं वाटलं.

नळ वाहत होता. मास्तरांना तो बंद करायचं सुचलं नाही. ते ओरडतील म्हणून बाई खांदे आवळून उभ्या होत्या. मास्तर ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा फटक पडला.

"म्हणजे तो फोनपाशी बसून होता," ते म्हणाले. "तीन तास."

"हो."

"आणि मी त्याला..." त्यांनी ओल्या हातानंच खिशातून मोबाइल काढला. पुतण्याचा नंबर लावला. बसमधून टूरबाईनं हाक मारली, कंडक्टरनं हाक मारली. पलीकडे पुतण्यानं फोन उचलला असावा, कारण मास्तर म्हणाले, "काका बोलतोय. दादाच्या कानाला लाव. आत्ता." मग त्यांनी मोबाइल सरळ बाईंपुढे धरला.

"मला सांगून काय उपयोग? त्याला सांगा."

"मास्तर, आधी तुम्ही तरी..."

"मी कुठल्या तोंडानं बोलू? तुम्हीच सांगा!"

बाईंनी मोबाइल कानाला लावला. पलीकडे जड श्वास ऐकू येत होता.

"हॅलो," त्या म्हणाल्या. "मी... फार वर्षांपूर्वी तुमच्याकडच्या टेलिफोन एक्स्चेंजात होते. पुराच्या वर्षी तुम्ही चिठ्ठी न्यायला आला होतात."

मग एक थकलेला, घरघरता आवाज आला. "काउंटरवरच्या बाई?"

"हो."

"अहो, कुठे होतात तुम्ही?" म्हातारा एकदम घाईनं बोलायला लागला, जणू मध्येच फोन तुटेल. "मी दोनदा आलो होतो परत. तुमची बदली झाली म्हणाले. बाई, त्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांदेखत खोटारडी म्हणालो. एका बाईमाणसाला. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, पण असं बोलायला नको होतं. फार लागून राहिलंय मनाला. माफ करा मला."

बाईंच्या डोळ्यांपुढचं गॅरेज पाण्यात बुडालं. मागे बस हॉर्न देत होती. वन्सं पायरीवरून उतरून अर्ध्या वाटेत थबकल्या होत्या, आणि त्यांच्यामागे कंडक्टर, टूरबाई, सगळेच काय झालं बघायला खाली आले होते. मास्तर हातभर अंतरावर उभे होते.

"दादा," बाई म्हणाल्या, "तुम्ही बरोबर बोलला होतात. मी खोटं लिहिलं. तुमचा कॉल अकरा दहाचा होता."

पलीकडे खाट करकरली.

"धाकटा आहे तिथं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"शेजारीच उभे आहेत."

"मग पुन्हा म्हणा. मोठ्यानं म्हणा."

बाईंनी डोळे पुसले, बसमधून उतरून आलेल्या सगळ्या मंडळींकडे तोंड केलं आणि तेच पुन्हा मोठ्यानं म्हणाल्या.