उंबरठ्यावरची टाप

मास्तरांच्या गावात पत्ता सांगताना घराचा नंबर कोणी सांगत नसे. ‘तह झाला त्याच्या वरच्या मजल्यावर’ किंवा ‘राजवैद्याला विष घातलं त्याच्या समोर, हिरवं दार’ एवढं म्हटलं की पोस्टमन बरोबर पोचायचा. प्रत्येक दारावर निळी पाटी आणि पाटीवर चार ओळींचा इतिहास. खिडकीची फुटकी काच बदलायची तरी वारसा समितीची परवानगी लागे, आणि ती येईपर्यंत काच नसणं हाही त्या घराच्या इतिहासाचा भाग होऊन बसे.

सगळ्यात जास्त फोटो निघत ते मास्तरांच्या दाराचे. दारात वीतभर उंच दगडी उंबरठा, आणि उंबरठ्याच्या मधोमध अर्धचंद्रासारखी खोल खूण. पाटी सांगे, की वेढा पडला त्या पहाटे सेनापती निरोप घ्यायला इथे थांबला, घोडा काही केल्या पुढे जाईना, आणि त्याने रागाने टाप आपटली ती ही. लोक वाकून खुणेत बोटं घालत, गंभीर चेहरे करत, आणि मग कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन टापेच्या आकाराची बिस्किटं घेत.

यातलं अक्षरही खरं नव्हतं. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक मास्तर, जन्मभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. दुसरी त्यांची बायको.

खूण कपाटाची होती. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात दोघं या घरात राहायला आली, तेव्हा लोखंडी कपाट आत घेताना बायकोच्या बाजूने सुटलं आणि त्याच्या गोल पायाने दगडाचा टवका उडवला. ती आधी ओरडली, मग उंबरठ्यावरच बसून पोट धरधरून हसली. पुढे दहा वर्षांनी गावावरची पुस्तिका छापायची ठरली, तेव्हा ती लिहिण्याचं काम साहजिकच मास्तरांकडे आलं. छापखानेवाला दारात उभा, चौदावं पान कोरं, आणि गावात एकच घर इतिहासाविना उरलेलं, ते खुद्द लेखकाचं. मास्तरांनी गंमत म्हणून अकरा ओळी खरडल्या. प्रकाशनाच्या दिवशी नगराध्यक्षांनी नेमक्या त्याच ओळी वाचून दाखवल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांच्या माणसाला ‘अहो, ते कपाट’ असं सांगायला जी हिंमत लागते, ती मास्तरांत नव्हती. पुढे समिती स्थापन झाली, तिचे नियम मास्तरांनीच स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दिले. नियम सातवा: ऐतिहासिक चिन्ह कोणत्याही कारणाने झाकू नये.

हा सातवा नियम आता त्यांच्याच दारात येऊन बसला होता.

बायको दोन वर्षं चाकाच्या खुर्चीत होती. “हाडं खडूसारखी झालीत,” डॉक्टर म्हणाले होते. “उचलायचं नाही. आणि रोज तासभर ऊन द्या. हा हिवाळा नीट गेला पाहिजे.” पुढचं ते बोलले नाहीत, आणि मास्तरांनीही विचारलं नाही. गल्ली इतकी जुनी आणि अरुंद, की तिच्यात ऊन कधी शिरलेलं नव्हतं. ऊन होतं ते गल्लीच्या टोकाला, चौकातल्या बाकापाशी, तेही सकाळी दहा ते साडेबारा. मागच्या दाराबाहेर शेजाऱ्यांची भिंत. शेजारच्या दोघांनी एकदा खुर्चीसकट उचलून पाहिलं, तर तिची एक बरगडी तडकली.

मग सुतार आला. त्याने उंबरठा मोजला, खूण पाहिली, कानावरची पेन्सिल काढली.

“आतून एक उतार, बाहेरून एक, वर सपाट फळी. खुर्ची लोण्यासारखी जाईल. पण मास्तर, घोडा झाकला जाईल.”

“जाऊ दे झाकला.”

“तुम्हीच लिहिलंय ना, झाकायचं नाही म्हणून? माझ्या दुकानाचं छप्पर दोन वर्षं अडकलं होतं तुमच्या त्या नियमापायी.”

“तो नववा नियम.”

“हो का? गळत मात्र सातव्यासारखंच होतं.”

फळी लागली, आणि तासाभरात समितीचा कारकून पत्र घेऊन हजर झाला. मास्तरांनी फळी काढली आणि अर्ज केला. उत्तर आठवडाभरात आलं, हा एक विक्रमच: मानवतेच्या दृष्टिकोनातून संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ या वेळेत फळी लावण्यास हरकत नाही. थोडक्यात, समितीने बाईंना अंधार मंजूर केला होता.

त्या एका तासाखेरीज मास्तरांनी आयुष्यात एकही नियम मोडला नव्हता. रिकाम्या रस्त्यावरही ते सिग्नलला थांबत. तेव्हा त्यांनी त्यांना सुचला तो एकच सरळ मार्ग धरला. इस्त्रीचा सदरा घातला, समितीच्या बैठकीला गेले, आणि उभं राहून सगळं सांगितलं. कपाट, छापखानेवाला, चौदावं पान. बोलताना हात पाठीमागे बांधले, वर्गात बांधत तसे.

अध्यक्षीणबाई त्यांचीच विद्यार्थिनी. त्यांनी समोरचा पेला बाजूला सरकवला.

“सर, तुम्ही दमलायत.”

“मी खोटं लिहिलं होतं, असं म्हणतोय मी.”

“बाईंसाठी तुम्ही स्वतःच्या नावाला काळिमा लावून घ्यायला निघालात. आम्हाला कळतं, सर.”

“अगं, घोडा नव्हताच!”

“सर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “शाळेत तुम्हीच आम्हाला टापेवर निबंध लिहायला लावायचात. मला वीसपैकी अठरा दिले होतेत. आता ते तुमचं एकट्याचं राहिलेलं नाही.”

समितीने मास्तरांच्या त्यागाचं कौतुक करणारा ठराव एकमताने मंजूर केला आणि सातवा नियम होता तसा ठेवला.

घरी बायको जागीच होती.

“काय म्हणाली तुमची विद्यार्थिनी?”

“सर दमलेत म्हणाली.”

“पण सांगितलंत काय?”

“कपाट.”

तिने मान वळवली. मग म्हणाली, “माझ्या हातून सुटलं, हेही?”

“नाही. माझ्या हातून सुटलं म्हणालो.”

“म्हणजे तिथेही थापच मारलीत!” ती हसायला लागली, आणि बरगडी दुखली म्हणून थांबली. श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, “अहो, उद्या दहाला फळी लावा. पत्र आलं तर येऊ दे. मला आता वेळ नाहीये तुमच्या सेनापतीसाठी.”

दुसऱ्या दिवशी दहाला मास्तरांनी फळी लावली. स्वतःच्या हातांनी, भर दिवसा. खुर्ची आतल्या उतारावर चढते न चढते तोच गल्लीच्या तोंडाशी गाइड उगवला, मागे चौदा पाहुणे. त्याचं ‘आणि आता आपण पाहणार आहोत’ अर्ध्यावरच राहिलं.

“मास्तर... टाप?”

खुर्चीतून बायकोच बोलली, चांगली मोठ्याने. “कपाट पडलं होतं इथे. खालची बाजू मी धरली होती.”

चौदा चेहरे गाइडकडे वळले. गाइडने पाटीकडे पाहिलं, बाईंच्या पांढऱ्या पडलेल्या पावलांकडे पाहिलं. फळी एका बाजूला डुगडुगत होती. तो पुढे आला आणि फळीच्या कडेवर बूट घट्ट रोवून उभा राहिला.

“दोन मिनिटं थांबा मंडळी,” तो पाहुण्यांना म्हणाला. “बाई उन्हात चालल्यात.”

अशा तेवीस सकाळी झाल्या. समितीची नोटीस तिसऱ्या दिवशी आली, मास्तरांनी सही करून घेतली आणि कपाटात ठेवली. पुढच्याही तिथेच गेल्या. चौकात ती डोळे मिटून बसे, पातळ कातडीतून ऊन आत शिरू देई. मास्तर शेजारी छत्रीसारखे ताठ बसत. बोलणं फारसं होत नसे. एकदा ती म्हणाली, “तुम्ही घोडा तरी बरा लिहिलात. मी असते तर हत्ती लिहिला असता.”

चोविसाव्या सकाळी फळी लागली नाही. तिला चौघांनी उचलून उंबरठ्यावरून बाहेर नेलं, आणि त्या दिवशी उचलायला डॉक्टरांची हरकत नव्हती.

तीन दिवसांनी अध्यक्षीणबाई एकट्याच आल्या. उंबरठ्यापाशी थबकल्या, सवयीने वाकल्या, बोटं खुणेत घातली.

“सर,” त्या वर न बघताच म्हणाल्या, “कुठलं कपाट?”

मास्तर त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेले. कपाट भिंतीला टेकून होतं, एका बाजूला किंचित कललेलं. पुढच्या उजव्या पायाची गोल कड चेपून आत गेली होती. अध्यक्षीणबाई खाली बसल्या आणि त्यांनी तीच बोटं त्या कडेवरून सावकाश फिरवली. कडेचा बाक बोटांना ओळखीचा वाटला असावा, कारण त्या एकदम थांबल्या.

मास्तर दारात हात मागे बांधून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एका विद्यार्थिनीला काहीही समजावून सांगितलं नाही.