वाकड्या गुण्याची कबुली

मी एक जुना गुण्या आहे. मित्रांनो, गुण्या म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. सुताराला लाकडावर बरोबर आडवी रेघ मारायची असते, एखादा कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहायचे असते, तेव्हा तो मला हातात घेतो. माझी मूठ शिसवी लाकडाची आहे आणि पाते पोलादाचे. दोन्ही जिथे मिळतात, तिथे पितळेचे तीन खिळे आहेत. बस, एवढेच माझे शरीर. पण एवढ्याशा शरीराने जो घोळ घातला, तो सांगताना माझी मान अजून वर होत नाही.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. आठ दिवस तो माझ्या पात्यावर कानस फिरवत होता. दोन फिरक्या मारायच्या, उजेडात धरून पाहायचे, पुन्हा दोन फिरक्या. मुलीचे लग्न झाले तेव्हा त्याने मला जावयाच्या हातात दिले आणि सांगितले, की यावर डोळे मिटून विश्वास ठेव. जावयाने ते शब्द मनाशी धरले, जरा जास्तच घट्ट धरले.

जावई माणूस मोठा नेटका. एखादा जोड नीट बसला नाही तर तो सोडून पुन्हा करायचा, आणि दाम एकाच वेळचा घ्यायचा. लोक त्याला काटकोन काका म्हणू लागले. त्याच्या हातचा दरवाजा एका बोटाने ढकलला तरी आवाज न करता बंद व्हायचा. लोक वाहवा करायचे त्याची, आणि मी खिळ्याला टांगल्या जागी फुगायचो. वाटायचे, रेघ तर मी मारून देतो, या काकाचे यात काय आहे? असली गुर्मी होती मला.

मग एके दुपारी एक मांजर उंदराच्या मागे फळीवर चढले आणि मी खाली फरशीवर आपटलो. दुकानात कोणी नव्हते. थोड्या वेळाने काकू, म्हणजे काकांची बायको, पाणी घेऊन आली. तिने मला उचलले, पुसले आणि पुन्हा टांगले. पाते तुटले नव्हते, मूठ चिरली नव्हती. ती विसरूनही गेली. पण मला कळले होते. मधला खिळा सैल झाला होता आणि माझे पाते केसभर एका बाजूला सरकले होते.

मी बोलू शकत नाही, हे खरे आहे. पण मित्रांनो, मला बोलता आले असते तरी मी बोललो नसतो. कोणी पाहिले नाही, याचे मला बरेच वाटले. तीच माझी खरी लाज आहे.

त्यानंतरची तीन वर्षे आठवली की अंगावर गंज चढल्यासारखे होते. काकांचे दरवाजे चौकटीला घासू लागले. शाळेची बाके डुगडुगू लागली. शिंपल्यासारखी मिटणारी कपाटे आता अर्धवट उघडी राहू लागली. लोक बोलावतील तिथे काका जायचे, रंधा मारून दुरुस्ती करून द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत आणि मान खाली घालून परत यायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, की चष्मा बरोबर आहे. तेव्हा काकांनी दोष हातावर टाकला. चहाच्या दुकानात कोणीतरी त्यांचे नाव बदलून तिरपे काका केले. ते नाव काकांच्या कानावर आले, तेव्हा तेही हसले. घरी येऊन मात्र जेवले नाहीत.

काका रोज सकाळी दुकान उघडले, की हत्यारांना हात लावण्याआधी डोळे मिटून उभे राहायचे. प्रार्थना छोटी असायची. प्रभू, माझ्यात कुठे वाकडे असेल तर दाखव, आणि सरळ होईपर्यंत मला सोडू नको. मी वर टांगलेला ते ऐकायचो आणि मनात म्हणायचो, दाखव रे देवा, या काकाचे वाकडे एकदा दाखवच. वाकडा मी होतो आणि प्रार्थना मात्र त्याच्यासाठी करत होतो.

अशात नवे चर्च बांधून पूर्ण झाले. प्रभुभोजनासाठी, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षरस वाटतात त्या विधीसाठी, मेज हवा होता. तयार मेज आणावा असे मंडळीतल्या काहींचे म्हणणे होते, पण तरुण पाळकसाहेबांनी ते काम काकांना दिले. पहिल्या उपासनेला तीन आठवडे होते. काकांनी जपून ठेवलेले सागवान काढले. मेजाचे पाय आणि वरची फळी झकास झाली. अडले ते पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीशी. पट्टीच्या टोकाची जीभ पायाच्या खाचेत बसवली, की एका बाजूला घट्ट बसायची आणि दुसऱ्या बाजूला नखाएवढी फट राहायची. काकांनी पट्टी बाजूला ठेवली, तिच्यावर पेन्सिलीने एक आकडा घातला आणि दुसरी करायला घेतली. दुसरीही तशीच झाली. मग तिसरी केली. पंधरा दिवसांत नऊ पट्ट्या झाल्या आणि नऊही भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

पाळकसाहेब पाहायला आले. मेज त्यांना फार आवडला. ती फट काकांनी स्वतःच बोट ठेवून दाखवली.

"काका, यावर तर पांढरं कापड येणार आहे," पाळकसाहेब म्हणाले. "खाली कोण वाकून बघतंय?"

"मी बघितलंय ना," काका म्हणाले. "कापड मेजासाठी आहे, साहेब. माझी चूक झाकायला नाही."

पाळकसाहेबांनी फटीवरून एकदा बोट फिरवले. जाताना दबक्या आवाजात म्हणाले, की शनिवारपर्यंत झाले नाही तर तयार मेज आणावा लागेल, आणि त्यात काकांनी वाईट वाटून घेऊ नये.

ते गेल्यावर काकूचा धीर सुटला. "अहो, देव काय गुण्या घेऊन बसलाय का तुमचं काम तपासायला?"

काका लाकडाचा भुसा झाडू लागले. मग म्हणाले, "नाही बसला. म्हणून तर मला नीट करायचंय. भीतीनं करत असतो तर केव्हाच कापड टाकून मोकळा झालो असतो. त्यानं माझ्यासाठी अर्धवट काही केलं नाही गं."

आता सागवानाची एकच फळी उरली होती. काकांनी ठरवून टाकले, की दहावी पट्टी बिघडली तर तयार मेज आणायला सांगायचे आणि हत्यारे मोडीत घालायची. हे त्यांनी काकूला सांगितले, तेव्हा त्यांचा आवाज इतका शांत होता की मला त्यांच्या रडण्याने वाटली नसती एवढी भीती वाटली. तरी मी मनात काय म्हणत होतो? म्हणत होतो, मोडीत मी जाणार, आणि चूक याच्या हाताची.

दुसऱ्या दिवशी काकांची थोरली बहीण मेजाच्या कापडाचे माप घ्यायला आली. ती शिंपीण. सगळे तिला ताई म्हणत. जीभ तिखट, पण धाकट्या भावावर जीव. तिला बसायला जागा करायची म्हणून काकू पट्ट्या उचलू लागली, तर ताईनेच त्या हातातून घेतल्या आणि कापडाच्या घड्या लावाव्यात तशा एकावर एक, कडेला कड लावून रचल्या. रचून झाल्यावर ती थांबली. टोकांच्या कापावरून तिने अंगठा फिरवला.

"अरे, हा तुझा हात नाही," ती म्हणाली.

काका म्हणाले, की ताई, हातच गेला आहे माझा, आता चेष्टा नको.

"चेष्टा कसली? हात थरथरला तर शिवण कधी इकडं जाते, कधी तिकडं. या नऊच्या नऊ एकाच बाजूला झुकल्यात. माझ्याकडं असं झालं की मी शिवणारीला बोलत नाही. आधी मापाची पट्टी बघते. तू कशानं आखतोस?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. "तो सासऱ्यांचा आहे," ते म्हणाले.

"मग काय झालं? सासरे स्वर्गात गेले, गुण्या नाही गेला."

काकू तोंड फिरवून हसली. काका हसले नाहीत. माझ्यावर संशय घेणे म्हणजे सासऱ्यांवर संशय घेणे, असे त्यांना तीन वर्षे वाटत आले होते, म्हणून त्यांनी मला कधी तपासलेच नव्हते. चुकलेले तुकडेही असे एके जागी कधी जमले नव्हते. हा माणूस दुसऱ्या पट्टीवर थांबला असता, तर ते कोणालाच दिसले नसते.

त्यांनी मला एका फळीच्या सरळ कडेला लावले आणि रेघ मारली. मग मला उलटे केले, त्याच ठिकाणी टेकवले आणि दुसरी रेघ मारली. मी सरळ असतो तर दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या असत्या. त्या कात्रीसारख्या उघडल्या.

मित्रांनो, काकांनी मला फेकायला हवे होते. मी तशी वाट पाहत होतो. पण ते खाली बसले आणि म्हणाले, "रोज विचारत होतो, कुठं वाकडं आहे ते दाखव म्हणून. तो रोज दाखवत होता. मीच दुसरीकडं बघत होतो."

त्यांनी माझे खिळे काढले, पाते सरळ केले, नवे खिळे बसवले. उलटा करून पाहिले. पुन्हा काढले. असे अकरा वेळा झाले. बाराव्या वेळी दोन रेघांची एक रेघ झाली. दहावी पट्टी शुक्रवारी बसली आणि तिच्या जोडात कागदही शिरला नाही. रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर काकांचे कौतुक केले. काका खाली पाहत होते.

सोमवारी त्यांनी मला पिशवीत घातले. तीन वर्षांत ज्या ज्या घरी आम्ही काम केले होते, तिथे ते एकेक करून जाऊ लागले. दार उघडणाऱ्याला सांगायचे, की माझे माप चुकलेले होते, तपासायचे काम माझे होते आणि मी ते केले नाही, आता दुरुस्त करून देतो. मग मला बाहेर काढून त्या दरवाजाला लावायचे. मीच वाकडे केलेले दरवाजे मलाच मोजावे लागत. एकतीस घरे झाली. अजून चौदा उरली आहेत.

आता रोज सकाळी प्रार्थना झाली की काका मला उलटा करून तपासतात. तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे जुने, मानाचे माप असेल, तर त्याला नुसते भिंतीवर टांगून ठेवू नका. काम पुन्हा पुन्हा एकाच बाजूला चुकत असेल, तर ते सोडू नका आणि हातालाही लगेच दोष देऊ नका. ते माप काढा आणि उलटे करून पाहा. त्याला लाज वाटेल. वाटू द्या.