कॅनॉलातली बोट

“आई, कॅनॉलात शिरलोय बग! सुकाणूवरच हाय. एका हातात चाक, एका हातात फोन,” भरत पलीकडून हसत म्हणाला.

येडगावच्या कालव्याच्या पायरीवर साळुबाई गोधडी धूत बसली होती. तिचा हात जागच्या जागी थांबला.

“आन बोट?”

“लई जोरात सोडलीय. सांजच्याला भायेर पडतोय. ठेवतो आता.”

फोन बंद झाला. साळुबाईने ओला हात पदराला पुसला, तो पुसतच राहिली.

भरत तिचा एकुलता एक. नवरा गेल्यापासून तिला दुसरं माणूस नाही. पोरगा मालवाहू जहाजावर सुकाणू धरतो. भर समुद्रात त्याचा फोन लागायचा नाही. जहाज दोन समुद्र जोडणाऱ्या एखाद्या कालव्यापाशी आलं की लागायचा. त्यामुळे बाकीच्या बायकांना सणवार तसे साळुबाईला कॅनॉल. पण फोन यायचा तो आत शिरण्याआधी, नाहीतर बाहेर पडल्यावर. चाक हातात असताना कधीच नाही.

मागच्या सुट्टीत ह्याच पायरीवर बसून त्याने तिला सगळं समजावलं होतं. “समुद्रात बोटीखाली पानी रग्गड. कॅनॉलात बोट पुढं सरकली की पान्याला मागं जायला जागाच नसती. ते खालनं, कडंनं जोरात पळतं, त्याची पातळी उतरती आन बोट खाली बसती. जेवडी जोरात, तेवडी खाली. म्हनून सावकाश जायचं. आन एका काठाजवळ गेली की शेपूट त्या काठाकडं वढलं जातं, तोंड मधी वळतं. तवा चाक काठाकडंच फिरवायचं. भिऊन लांब पळाय गेलं की शेपूट आदळलंच.”

“हे उलटंच की रे!” साळुबाई म्हणाली होती. मग महिनाभर धुणं धुणाऱ्या बायकांना तिने हे ऐकवून ऐकवून पार भंडावून सोडलं. एकीची सून तर साळुबाई दिसली की बादली उचलून वरच्या पायरीवर जाई.

आणि आज भरत जोरात चालला होता, एका हाताने.

“काय म्हनतोय आमचा कप्तान?” चुलत दीर गेणभाऊने काठावरून विचारलं. तो कालव्यावर पाटकरी होता, पाणी सोडण्या-बंद करण्याचं काम बघायचा.

“मजेत हाय,” साळुबाई म्हणाली आणि अर्धवट धुतलेली गोधडी खांद्यावर टाकून घरी आली. गोधडीचं पाणी पाठीवरून निथळत होतं, त्याचं तिला भान नव्हतं. दार लोटून तिने त्याच नंबरावर फोन लावला. चाकावरच्या माणसाने पहिल्याच रिंगला उचलला. मागे रस्त्यावर कोणीतरी मराठीत ‘भंगारवाला’ म्हणून ओरडत होतं.

“भरत, कुटं टेकली रं बोट?”

“काठाला घासली, आई,” तो म्हणाला. “मीच व्हतो चाकावर. काठ अंगावर आल्यावानी वाटला. भ्यालो. काठाकडं फिरवायचं चाक उलटं फिरवलं. मला घरी पाठवलं त्यांनी.”

“कवा?”

“दिवाळीच्या आधी. पनवेलला खोली घेतलीय.”

साळुबाई खाली बसली. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं, एवढ्या अंतरावर पोरगा होता, आणि तिने दिवाळीला एकटीने दिवे लावले होते. तिला रडू आलं, रागही आला. बोट घासली म्हणून नव्हे. त्याने तिलाही गावाच्या माणसांत धरलं म्हणून.

“घरी ये.”

“कोनत्या तोंडानं येऊ? स्टँडवर माझा फ्लेक्स लावला व्हता गावानं. गाडीत बसवून मिरवलं. दुसरी बोट मिळू दे, मग येतो.”

“काठाला भिऊन लांब पळालास तवा शेपूट आदळलं ना?” साळुबाई म्हणाली. “आन आता बी पळतोयसच की रं.”

पलीकडे तो रडत होता. तिने त्याला रडू दिलं.

“बगतो, आई,” तो म्हणाला. “तू कुनाला सांगू नगंस.”

“न्हाई सांगत. तू ये फकस्त.”

तेव्हापासून दुपारच्या एस.टी.च्या वेळेला साळुबाईला स्टँडवर काहीतरी काम निघू लागलं. कधी मीठ संपायचं, कधी काडेपेटी. बस यायची, माणसं उतरायची, पिशव्या उतरायच्या. ती मीठ घेऊन परत जायची. घरात मिठाच्या इतक्या पुड्या झाल्या की ठेवायला डबा उरला नाही.

एक दिवस गेणभाऊ तिथेच चहा पीत उभा होता.

“वैनी, निघाला का भरत कॅनॉलातनं?”

“न्हाई अजून.”

“एवडे दिस?” सारा जन्म कालव्याच्या काठावर काढलेला तो माणूस, त्याला हे काही पटेना. “एवडा लांब आसतो व्हय कॅनॉल?”

बसमधून शेवटची म्हातारी उतरली. कंडक्टरने दार ओढून घेतलं.

“आसतो, भाऊजी,” साळुबाई म्हणाली.