शेवटचा फरक

लेकीचा ताप काही केल्या उतरेना. बारीकच ताप, पण हट्टी पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून बसलेला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला आणि काही सापडत नाही असं सांगितलं, जणू ही आनंदाचीच बातमी होती. ते ऐकून आईचा जीव जास्तच टांगणीला लागला. लहानपणी तिच्या स्वतःच्या दादालाही असाच बारीक ताप आला होता, आणि त्याच्याही डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं.

गल्लीत सगळे तिला टेलरबाई म्हणत. वडिलांचंच दुकान ती चालवत होती. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत खाट. लेक पडून पडून कावली, तेव्हा आईने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली. आत मुलांच्या मासिकाचे जुने अंक होते.

त्या मासिकावर तिचं लहानपण पोसलं होतं. नुसत्या चित्रकथा. दर महिन्याला त्याच खिडकीत अडकणारा ढेरपोट्या चोर, चष्मा हरवणारं घुबड, आणि आपण कुणाला खायला निघालो तेच न आठवणारा विसराळू राक्षस. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की दोघं भावंडं भरलं ताट सोडून पळायची. मग याच खाटेवर पालथं पडायचं, दादा भिंतीकडे, ती कडेला. राक्षसाचा आवाज दादा असा काढायचा की वडील मशीन थांबवून ओरडायचे. त्या शाईचा वास आला तरी तिला अजून हसू फुटायचं.

मागच्या पानावर कोडं असे: दोन सारखी चित्रं, त्यांतले सहा फरक शोधा. मासिक शेजाऱ्यांबरोबर भागीत घेतलेलं, यांचं वाचून झालं की त्यांच्या पोरांकडे जाऊन मग परत यायचं, त्यामुळे पेन्सिल लावायची सोय नव्हती. पण ही टेलरची पोरं. पांढऱ्या रेशमी कापडावर वडील खडू लावत नसत, नखाने खूण करत. ही दोघंही तशीच नखाने फुली मारायची. समोरून पान कोरं. खिडकीशी तिरकं धरलं की फुल्या उमटायच्या. पाच फरक दादा शोधायचा आणि सहावा राखून ठेवायचा. शेवटचा शेंबडीचा, असं म्हणायचा. ती रडकुंडीला आली की हळूच सांगायचा, बारीक बघू नकोस, मोठं बघ. शेंबडी हे नाव फक्त त्याचं. तो गेल्यावर तिने ते कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं.

ट्रंकेच्या तळाशी एक अंक अजून वेष्टनातच होता. दादा गेल्यावर तो पोस्टाने आला आणि तिच्या आईने न उघडताच आत टाकला. लेकीने ते वेष्टन आता तिच्यादेखत फाडलं. टेलरबाईने जुन्या सवयीने मागचं पान उजेडाला तिरकं धरलं. कोरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यावर एक फुली होती.

लेकीचाच उद्योग असणार, असं तिने स्वतःला बजावलं. पण नखाची युक्ती पोरीला माहीतच नव्हती, आणि नखं तर तिने कुरतडून कुरतडून पार संपवली होती. मग दुसरी फुली आली, तिसरी आली. लेक खाटेच्या अगदी कडेला झोपायला लागली, भिंतीकडची अर्धी खाट मोकळी ठेवून. मध्ये सरक, पडशील, असं सांगून आई दमली. पोर ढिम्म हलेना. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला बाही उलटी लागली, तेव्हा टेलरबाईच्या लक्षात आलं की आपले कान मागच्या खोलीकडेच आहेत. तिथून लेकीचं हसू येत होतं. आणि प्रत्येक हसण्याआधी कुणीतरी खालच्या आवाजात गुरगुरत होतं.

पाचवी फुली दिसली तेव्हा तिने धीर करून विचारलं, या कोण मारतं.

"तोच," लेक म्हणाली. "त्याच्या पाच झाल्या. आता शेवटची शेंबडीची म्हणतो. शेंबडी कोण गं आई?"

शेवटची मारलीच नाही तर काय होईल, एवढंच आईने विचारलं.

"मारली तर खेळ संपला, तो जाईल. नाही मारली तर मी जाणार त्याच्याबरोबर. पुढचे सगळे अंक आहेत त्याच्याकडे." लेक खुशीत होती. आईने तिच्या कपाळावर हात ठेवला तर चटका बसला.

ती अंक घेऊन खिडकीशी बसली. तिला दादाचा राग आला होता. आणि तो इथेच आहे, या विचाराने मन हरखलंही होतं, ते तिला लपवता येईना. इतक्या वर्षांनी आलेला दादा, आणि त्याला घालवायचं तेही तिनेच.

चित्रात एक खोली होती. पडदा, घड्याळ, मांजर, खाटेवर मासिक वाचणारी पोरं. पडद्याची मुरड, उशीची झालर, मांजराच्या मिशा, तिने सगळं डोळ्यांत तेल घालून तपासलं. सुताएवढी चूक पकडणारी तिची नजर, पण सहावा फरक काही मिळेना. ऊन खिडकीतून सरकत चाललं. लेकीचा श्वास भरभर व्हायला लागला.

खाट करकरली, भिंतीकडच्या बाजूने. बारीक बघू नकोस, असं तिला आठवलं, की ऐकू आलं, कोण जाणे. तिने अंक हातभर लांब धरला.

डाव्या चित्रात खाटेवर दोन पोरं होती. उजव्या चित्रात एकच. कडेला पालथी पडलेली मुलगी, आणि भिंतीकडची जागा मोकळी. इतका वेळ तिची नजर त्या जागेवरून घसरत होती. पहिल्या दिवशीही चित्र असंच होतं का, हे तिला शपथेवर सांगता आलं नसतं.

तिने नख टेकवलं.

"दादा," ती म्हणाली, "एकदाच राक्षसाचा आवाज काढ ना."

तिने वाट पाहिली. लेक झोपेत कण्हली. मग तिने त्या मोकळ्या जागेवर नख दाबलं आणि वडील मारायचे तशी, न थांबता, फुली मारली.

लेकीने मोठा श्वास सोडला. तिच्या कपाळावर घाम फुटला. झोपेतच तिने कूस बदलली, कडेवरून खाटेच्या मधोमध आली आणि हातपाय ताणले.

"अगं, सरक जरा," आईच्या तोंडून निघून गेलं, "दादाला जागा..."

पण लेकीचं पाऊल तोवर भिंतीला टेकलं होतं.