पत्र्याखालचे आठ स्वर

गिरण्यांचा संप नक्की कधी संपला हे कुणी जाहीर केलंच नाही. महादेव घाडीला एवढंच कळलं, की त्र्याऐंशीच्या दिवाळीपर्यंत त्याच्या खात्यातली निम्मी माणसं परत आत गेली आणि त्याचं नाव यादीत आलं नाही. तो फोल्डिंग खात्यात कापड तपासायचा. विणून आलेलं कापड उजेडासमोरून सरकत जायचं. त्यात तुटलेला धागा, डाग, विरळ पट्टा दिसला की तो खडूने खूण करायचा. सोळा वर्षं त्याने हेच केलं होतं. संपानंतर तो लालबागच्या चाळीत, जिन्याखालच्या जागेत रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायला लागला. हे काम तो हौसेने आधीपासूनच शिकला होता.

अशाच दुरुस्तीतून त्याची वसंत ओकांशी ओळख झाली. ओक दादरला राहायचे. एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते साहाय्यक होते. त्यांचा टेप दुरुस्त झाल्यावर महादेवने आतली कॅसेट लावून पाहिली. कुठल्याच वाद्याचा नसलेला, लांबच लांब आवाज आला. ओक लाजत म्हणाले, की हे त्यांनीच सर्किट जोडून बनवलेलं संगीत आहे. महादेवने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि सांगितलं, की तिसरा सूर दर वेळी जरासा खाली बसतोय. ओकांनी घरी जाऊन तपासलं. खरंच बसत होता. पुढच्याच रविवारी ते महादेवला आपल्या बैठकीला घेऊन गेले.

ही बैठक दादरला एका टायपिंग क्लासच्या खोलीत, क्लास बंद असायचा तेव्हा, रविवारी सकाळी भरायची. सात-आठ माणसं यायची. एक टेलिफोन खात्यातला होता, एक बँकेतला, कुणी शिक्षक. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, स्वर काढणारी यंत्रं घरी जोडायची, त्यांचं संगीत कॅसेटवर घ्यायचं आणि एकमेकांना ऐकवायचं, एवढंच त्यांचं वेड. नियम दोनच होते. ज्याची कॅसेट लागली असेल त्याने सगळ्यांचं सांगून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, कारण माणूस लगेच स्वतःची बाजू मांडायला लागतो आणि ऐकायचं राहून जातं, असं ओकांचं म्हणणं. दुसरा नियम, कॅसेट आठवडाभर एकाकडे राहायची आणि त्याने नीट ऐकून मत लिहून आणायचं.

लवकरच सगळ्यांना आपली कॅसेट महादेवकडेच जावी असं वाटायला लागलं, आणि त्याच गोष्टीची भीतीही वाटायला लागली. त्याचा कागद म्हणजे दोन रकाने. डाव्या बाजूला मिनिट आणि सेकंद, उजव्या बाजूला दोष. बाकी शब्द नाही. चूक त्याच्या कानातून सुटायची नाही.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत अंबिका तांडेल पहिल्यांदा आली. वरळी कोळीवाड्यातली, तेवीस वर्षांची. अंधेरीला एका कारखान्यात बायकांच्या रांगेत बसून ती सर्किटवर सोल्डरिंग करायची. टेलिफोनवाल्यांच्या ओळखीने ती इथवर पोचली होती. तिने पिशवीतून कॅसेट काढली, दिली आणि भिंतीला टेकून बसली.

कॅसेट वीस मिनिटांची होती. आठ स्वर एकदम वाजत होते, थांबत नव्हते. ते एकमेकांशी जुळत नव्हते आणि हळूहळू आणखीच बेसूर होत होते. ऐकून झाल्यावर सगळे बराच वेळ बोलले. बँकवाले म्हणाले, वीज कमीजास्त होत असेल. ओक म्हणाले, "तुम्ही चकतीसारखे स्वस्त कपॅसिटर वापरलेत. ते तापले की त्यांची क्षमता बदलते, आणि स्वर सरकतो. चांगले वापरा, सगळं जागेवर राहील." अंबिका ऐकत होती. सगळ्यांचं झाल्यावर ओकांनी तिला विचारलं, काही सांगायचंय का. तिने नकारार्थी मान हलवली आणि कॅसेट महादेवच्या हातात दिली.

महादेवने आठवडाभरात ती चार वेळा ऐकली आणि एकवीस दोष लिहून दिले. मूळ कॅसेट परत केली, पण स्वतःसाठी एक प्रत काढून ठेवली. पुढच्या वेळी दोष गेलेत का हे ताडून बघायला तो सगळ्यांच्याच प्रती ठेवायचा.

महिन्याने अंबिका नवीन कॅसेट घेऊन आली. स्वर तेच आठ. आता एकही हलत नव्हता. तारेवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे आपापल्या जागी होते. ओकांना फार आनंद झाला. नव्या माणसाने इतक्या लवकर, इतकं मनावर घेऊन सुधारणा केल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं, असं ते म्हणाले. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. तिने हसून मान डोलावली.

महादेवने त्या संध्याकाळी घरी जुनी प्रत लावली. हातात एकवीस दोषांची यादी होती. एकेक दोष येईल तशी त्यावर खूण करायची, एवढाच त्याचा विचार होता. पाचव्या-सहाव्या खुणेनंतर त्याचा हात थांबला. कापडात दोष येतो तो कुठेही येतो. धागा कधी तुटेल ते सांगता येत नाही. पण तोच दोष ठरावीक अंतराने यायला लागला, तर चूक कापडात नसते, मागावर काहीतरी चाललेलं असतं, हे त्याला सोळा वर्षांत कळलं होतं. या यादीतले दोष ओळीने येत होते. प्रत्येक स्वर एकाच दिशेने, वर सरकत होता. कुणी हळू, कुणी जरा जलद, पण एकदाही कुणी धक्का खाऊन मागे आला नव्हता. हे बिघडलेलं यंत्र नव्हतं. यातून कुणीतरी काहीतरी सांगत होतं, आणि त्याने ते एकवीस ठिकाणी खोडायला सांगितलं होतं.

रात्रभर त्याला नीट झोप लागली नाही. पुढच्या रविवारी तो बैठकीला गेला नाही. अंबिकाही तिथे नसणार हे त्याला माहीत होतं, कारण घरी काम असल्याचं ती मागेच सांगून गेली होती. टेलिफोनवाल्यांकडून पत्ता घेऊन बाराच्या सुमारास तो वरळी कोळीवाड्यात पोचला.

तिचं घर गल्लीच्या शेवटी होतं, खाली एक खोली आणि वर पत्र्याचा माळा. तिची आई जाईबाई नुकतीच बाजारातून परतली होती. मासळीची रिकामी पाटी धुऊन उंबऱ्याशी उभी करत होती. महादेवने आपण कोण ते सांगितलं. जाईबाईने त्याला आत घेतलं, पाणी दिलं आणि वर हाक मारली. अंबिका खाली आली आणि त्याला बघून गोंधळली.

महादेवला आडवळणाने बोलता येत नव्हतं. तो म्हणाला, "मी तुझं पहिलं परत ऐकलं. ते दोष नव्हते. मला ते समजलं नाही. तू बोलली का नाहीस?"

"तुमचा नियम आहे ना काका, बोलायचं नाही म्हणून."

"नंतर विचारलं होतं की ओकांनी."

ती म्हणाली, की तिला सांगता आलं नसतं. तिथे वीस मिनिटांचीच कॅसेट होती, आणि हे वीस मिनिटांचं नाहीच. मग तिने सांगितलं, की सगळ्यांचं ऐकून तिने चांगले कपॅसिटर लावून बघितले. खरंच लावून बघितले, उगाच दाखवायला नाही. आठवडाभर ऐकलं, आणि मग जुने होते ते परत जोडले.

"आत्ता चालू आहे?" महादेवने विचारलं.

"सकाळी सहापासून."

ती त्याला माळ्यावर घेऊन गेली. वर पोचल्यावर पत्र्याची धग अंगावर आली. जमिनीवर एक लांब फळी होती, त्यावर हातभर अंतराने आठ छोटी सर्किटं ठोकलेली, त्यांच्यामागे एक स्पीकर. आवाज मोठा नव्हता. पण त्या खोलीत शिरताना आपण कुठल्यातरी मोठ्या गोष्टीत पाऊल टाकतोय असं महादेवला वाटलं. आठ स्वर एकमेकांपासून दूर दूर पसरले होते आणि त्यांच्यामधली जागा थरथरत होती.

अंबिकाने त्याला थोडक्यात समजावलं. पहाटे पत्रा गार असतो. तेव्हा ती आठही स्वर एकाच सुरात लावते. ऊन चढतं तसा पत्रा तापतो, आणि प्रत्येक स्वर आपापल्या चालीने वर निघतो. कुणी किती निघेल हे तिने ठरवलेलं होतं. त्यासाठी तिने शंभरावर कपॅसिटर आणून, एकेकाला बोटाची ऊब देऊन, कानाने निवडले होते. संध्याकाळी समुद्राकडचा वारा सुटला की ते परत खाली यायला लागतात.

"सगळे एक होतात?"

"होतात. बसाल का तेवढा वेळ?"

तो बसला. जाईबाईने वर चहा आणून दिला, मग दुपारी भात आणि कालवणही दिलं. तिला या वाजण्याची सवय होती. ती पायरीवर बसून सुके बोंबील निवडत राहिली. महादेवने खिशात आणलेला कागद आणि पेन बाहेर काढलंच नाही. दोन वाजता स्वर इतके दूर गेले, की ते एकाच यंत्राचे आहेत यावर विश्वास बसेना. एक ढग आला आणि पाच मिनिटं सावली पडली. आठही स्वर किंचित खाली कलले आणि ऊन येताच पुन्हा वर गेले. महादेवने मान वर करून पत्र्याकडे बघितलं. सूर्य, ढग, सगळं या फळीवरून ऐकू येत होतं.

साडेपाचला वारा सुटला. जाईबाई कुणाकडे न बघता म्हणाली, "आता उतरतील." तिने खिडकीची फळी काढली.

स्वर उतरायला लागले. सुरुवातीला कळत नव्हतं, पण अर्ध्या तासाने खोलीतली थरथर बदलली. आधी ती जलद होती, मग सावकाश होत गेली. दोन स्वर जवळ आले की आवाज फुगायचा आणि ओसरायचा. मग तिसरा त्यांच्यात यायचा. पावणेसातच्या सुमारास आठपैकी सात इतके जवळ होते, की लाट एक श्वास घेण्याइतकी लांब झाली, मग दोन श्वासांइतकी, आणि आठवाही येऊन मिळाला तशी लाट उरलीच नाही. एकच स्वर होता. खाली गल्लीत कुणीतरी बोलत होतं तेही थांबल्यासारखं वाटलं. महादेवचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्याच्या ध्यानात आलं नाही.

बऱ्याच वेळाने अंबिकाने विचारलं, "काय वाटलं?"

"मी असं कधी ऐकलं नाही," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "एक सांगू?"

"सांगा ना."

"सहावा लवकर पोचतो. बाकीचे यायच्या आधीच तो तिथे उभा असतो, आणि मग जरा खाली जाऊन त्यांची वाट बघतो."

अंबिका ताडकन उठून फळीपाशी गेली. सहावं सर्किट बरोबर खिडकीसमोर होतं. वारा पहिल्यांदा त्यालाच लागत होता. वर्षभर शेवटी काहीतरी टोचतंय हे तिला जाणवत होतं, ती म्हणाली, पण आठातलं कुठलं ते तिच्या कानाला सापडत नव्हतं. ती हे बोलताना हसत होती. इतकं लक्ष देऊन तिचं कुणी ऐकलंच नव्हतं.

पुढच्या रविवारपर्यंत तिने सर्किटांची फळी आडवी फिरवून भिंतीला लावली, म्हणजे वारा आठांनाही सारखाच लागेल.

महादेवने बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, की त्याचा कागद चुकीचा होता. ओकांना ते पटलं नाही. जे सुरात राहत नाही त्याला वाद्य कसं म्हणायचं, असा त्यांचा मुद्दा होता, आणि त्यावर तासभर वाद झाला. शेवटी महादेवने त्यांना दिवसभराची सवड काढून वरळीला चला असं सांगितलं. एप्रिलच्या एका रविवारी ओक आणि आणखी चौघे त्याच्याबरोबर गेले. ओक सकाळी दहाला माळ्यावर चढले. संध्याकाळी सात वाजून गेल्यावर उतरले. गल्लीत आल्यावर त्यांनी महादेवचा हात धरला आणि बस येईपर्यंत सोडला नाही.

त्या बारा-तेरा तासांची कॅसेट कधीच निघाली नाही. तेवढी लांब कॅसेट नव्हती, आणि तुकड्यांत घ्यायला अंबिका तयार नव्हती. एकोणनव्वदच्या पावसात माळा गळला आणि सर्किटं गंजली. तिने ती पुन्हा जोडली नाहीत, दुसरं काही बनवायला घेतलं. जाईबाईला आणि शेजारणींना धरून माळ्यावरचे ते आठ स्वर शेवटपर्यंत ऐकणारी माणसं अकरा होती. महादेव त्यांची नावं बोटांवर मोजून सांगायचा आणि स्वतःचं नाव सांगायला प्रत्येक वेळी विसरायचा.