चौदाव्या पानावरचं कुंड

बळीराम म्हात्रेचं सायकलचं दुकान पनवेलच्या मोटार स्टँडजवळ होतं. त्याला राग आला की तो तोंडाने काही बोलत नसे, हातातल्या चाकाच्या तारा आवळत बसे. सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारी त्याने एकाच चाकाच्या दोन तारा तोडल्या. समोरच्या बाकावर ऐनवाडीची ठमाबाई बसली होती.

ऐनवाडी म्हणजे कर्नाळ्याची खिंड ओलांडल्यावर जंगलात आत असलेली ठाकरांची पंधरा घरं. ठमाबाई लाकडाची मोळी घेऊन बाजाराला यायची आणि परत जाताना बळीरामच्या दुकानात पाणी पिऊन जायची. आज तिने पाणी मागितलं नव्हतं.

"बळी, आमच्या कुंडाची वाट तूच दाखवलीस ना त्यांना?"

"कुनाला, मावशे?"

"ममईच्या सायकलवाल्यांना. दर ऐतवारी येतात. पंधरा येतात, वीस येतात. कपडे काढून कुंडात उतरतात, साबन लावतात. सायकली पन तिथंच धुतात. पान्यावर तेलाचा तवंग आलाय. दोन पोरांची पोटं बिघडलीत. आता आमी खाली नदीवरून पानी आनतो. हंडा घेऊन चढायला दोन तास लागतात, बळी."

"तुमी त्यांना बोललात नाय?"

"बोललो तर हे दाखवलं." तिने लुगड्याच्या ओच्यातून एक भिजून सुकलेलं, फुगलेलं पुस्तक काढून बाकावर ठेवलं. "बोलले, यात लिवलंय. एकजन तिथंच टाकून गेला."

पुस्तकावर एका सायकलचं चित्र होतं, मागे डोंगर होते आणि वर नाव छापलं होतं, 'सायकलवरून शांत रानवाटा'. खाली लेखकाचं नाव होतं, मधुसूदन सबनीस, दादर.

ते नाव बघून बळीरामला आधी बरंच वाटलं. हा सबनीस दादरच्या एका सायकल मंडळाचा चिटणीस. मागचे दोन हिवाळे तो एस्टीच्या टपावर सायकल टाकून पनवेलला यायचा आणि म्हणायचा, "बळीराम, मोटारींचा धूर नाही असा रस्ता दाखव बुवा." बळीराम दुकान बंद करून त्याच्याबरोबर जायचा. त्याला तो छंदच होता. कामोठ्याच्या मिठागरात वाढलेला माणूस तो, लहानपणी सगळं सपाट आणि पांढरं पाहिलेलं. म्हणून त्याला चढाचं आणि झाडीचं वेड. नेऱ्यावरून माथेरानच्या पायथ्यापर्यंतचा रस्ता त्याने सबनीसला दाखवला. शिरढोणवरून कर्नाळ्याची खिंड चढायची, पलीकडे उतरताना मोठा रस्ता सोडून बैलगाडीच्या वाटेला लागायचं, ऐन आणि सागाच्या सावलीतून आपट्याला निघायचं आणि सावळे, कोन ही गावं करत घरी यायचं, ही त्याची सगळ्यांत आवडती फेरी. तीही दाखवली. कुठे गियर नसलेली सायकल ढकलावी लागते, कुठे ब्रेक आधीच दाबून ठेवायचा, कुठे सकाळी धनेश दिसतात, सगळं तो सांगायचा आणि सबनीस वहीत उतरवून घ्यायचा. हे असं कुणी लिहून घेतं, याचंच बळीरामला अप्रूप होतं.

त्याने चौदावं पान उघडलं. चार इयत्ता शिकलेला होता. बोट ठेवून वाचू लागला.

'या निर्मनुष्य अरण्यात, आम्ही स्वतः शोधून काढलेल्या मार्गावर, एक नैसर्गिक स्नानकुंड आहे. आमच्यासोबतचा अडाणी गडी वाट चुकल्यामुळे हे रम्य स्थळ आम्हांस योगायोगाने गवसले. थकलेल्या सायकलपटूने येथे मनसोक्त डुंबावे.'

बळीरामने ते दोनदा वाचलं. मग चाक मांडीवर घेतलं आणि तारा आवळायला लागला.

वाट सबनीस चुकला होता. पुढे जाण्याच्या हौसेने भलत्याच वाटेला लागला आणि उन्हात तहानेने बसकण मारली. बळीरामने त्याला शोधून काढून आधार देत वाडीवर नेलं. तिथे ठमाबाईने हंड्यातलं पाणी दिलं, नाचणीची भाकरी आणि लसूण-मिरची दिली. निघताना कुंड दाखवून बळीरामने बजावलं होतं, "साहेब, हे वाडीचं प्यायचं पानी हाय. शिमग्यानंतर एवढंच उरतं. यात पाय पन बुडवायचा नाय." सबनीस म्हणाला होता, "छे छे, भलतंच काय!"

"काय लिवलंय रं?" ठमाबाईने विचारलं.

"त्या दादरच्या सायबानं लिवलंय की तिथं मानूस राहत नाय."

ठमाबाईने पुस्तक बाकावर पालथं घातलं. "मग त्याने भाकरी कुनाच्या हातची खाल्ली?"

तेव्हाच दुसरी तार तुटली.

पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलं होतं, की येत्या रविवारी दुपारी मंडळाचं वार्षिक संमेलन आहे, दादरला एका शाळेच्या सभागृहात, आणि तिथे पुस्तक मिळेल. शनिवारी बळीराम ऐनवाडीला गेला. कुंड पाहिलं. कडेला साबणाचे तुकडे आणि तेलाच्या चिंध्या पडल्या होत्या. पाणी दुधात राख कालवल्यासारखं दिसत होतं. त्याने एक बाटली भरून घेतली. रविवारी पहाटे बायको गोदूने भाकरी बांधून दिली आणि विचारलं, "एस्टीने का नाय जात?"

"एस्टीत बसलो तर राग उतरंल माजा," तो म्हणाला आणि सायकलवर टांग मारली.

शीळ, मुंब्रा, ठाणं करत तो दुपारी दादरला पोचला. शाळेच्या आवारात सायकलींची रांग होती. त्याने आपली रांगेतच लावली. आत सत्तर-ऐंशी माणसं बसली होती. टेबलावर पुस्तकांचे गठ्ठे होते आणि गळ्यात हार घातलेला सबनीस बोलत होता, "या वाटा शोधताना आम्हांला काय कष्ट पडले, ते आमचं आम्हांला ठाऊक."

बळीराम घामाने निथळत मधल्या वाटेने सरळ पुढे गेला आणि बाटली टेबलावर ठेवली.

"साहेब, हे प्या."

"अरे, बळीराम! तू इथे कसा?" सबनीस हसला. "हे काय आणलंस?"

"तुमच्या चौदाव्या पानावरचं पानी. प्या ना. वाडीची पोरं हेच प्याली."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. सबनीसने आवाज खाली आणला. "हे बघ, तुझं नाव घालायचं राहिलं, कबूल. पुढच्या आवृत्तीत घालू. आता इथे तमाशा नको."

"माजं नाव?" बळीरामचा आवाज चढला. असा आवाज त्याने स्वतःही कधी ऐकला नव्हता. "मला अडानी गडी लिवलंत, ते मी गिळलं असतं. पन पंधरा घरांची वस्ती तुमी पुसून टाकली! ज्या बाईनं तुमाला खायला घातलं, तिच्या दारात तुमी निर्मनुष्य लिवलं! तिच्या पान्यात ही सगळी मानसं आंघोळी करून आली आनि ती बाई दोन तास डोंगर चढून पानी आनते. मी सांगितलं व्हतं की नाय, पाय पन बुडवायचा नाय म्हनून? सांगा सगळ्यांसमोर!"

सबनीसने हार सारखा केला. "आता पुस्तकं छापून झाली. मी काय करणार?"

"तुमी नका करू. मी करतो."

बळीरामने टेबलावरचा टाक उचलला, पहिलं पुस्तक उघडलं आणि चौदाव्या पानावरच्या त्या ओळींवर काट मारली. समासात मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'हे ऐनवाडीचं प्यायचं पाणी आहे. उतरू नये.' मग दुसरं पुस्तक घेतलं. सबनीस ओरडला, "ही मंडळाची मालमत्ता आहे! कुणी थांबवा याला!" दोघेजण उठलेही. पण पुढच्या रांगेतली एक बाई त्यांच्या आधी टेबलाशी आली. शांती कर्णिक तिचं नाव, शाळेत शिक्षिका होती. तिने बाटली उचलून उजेडात धरली, मग खाली ठेवली.

"मी गेल्या महिन्यात गेले होते तिथे," ती म्हणाली. "मीही साबण लावला होता." तिचा चेहरा उतरला होता. तिने पर्समधून पेन काढलं. "काय लिहायचं, सांगा."

नंतर आणखी चारपाच जण आले. बाकीचे बसूनच राहिले आणि काही तर चिडून निघून गेले. संध्याकाळपर्यंत टेबलावरची सगळी पुस्तकं दुरुस्त झाली. आधी विकली गेलेली मात्र कुणाच्या हाती होती, कोण जाणे.

म्हणून पुढचे पाच रविवार बळीराम दुकान बंद ठेवून बैलगाडीच्या वाटेच्या तोंडाशी उभा राहिला. येणाऱ्याला सांगायचा, वाटेने खुशाल जा, कुंडात उतरू नका. काही ऐकायचे, काही हुज्जत घालायचे. एकाने त्याला विचारलं, "जंगल तुझ्या बापाचं आहे का?" त्या दिवशी बळीरामने त्याच्या सायकलची हवा सोडली आणि पंप द्यायचं नाकारलं. तो गृहस्थ सायकल ढकलत शिरढोणपर्यंत गेला. मधल्या एका दिवशी वाडीच्या माणसांबरोबर त्याने कुंड उपसलं आणि तळ घासला. पाणी पुन्हा नितळ व्हायला आठवडा लागला.

पावसाळ्यानंतर सबनीस एकदा पनवेलला आला. पळस्प्याजवळ त्याची सायकल पंक्चर झाली होती, आणि गावात दुसरं चांगलं दुकान नव्हतं. बळीरामने सायकल उलटी केली, ट्यूब काढली, पाण्यात बुडवून भोक शोधलं. काम ते काम. सबनीस बाकावर बसून घाम पुसत होता. जुनं काही झालंच नाही, अशा सुरात म्हणाला, "बळीराम, मालडुंग्याच्या वरच्या अंगाला एखादी शांत वाट असेल ना रे?"

"हाय."

"झाडी आहे?"

"दाट हाय. वरती गेलात की खाली सगळी खाडी दिसते."

"मग एखाद्या रविवारी दाखव की!"

"नाय," बळीराम म्हणाला, आणि पंपाला लागला.